बिलातला सर्व्हिस चार्ज आणि आपली भीड

गेल्या वर्षी मावशीच्या पंचाहत्तरीला आम्ही चौदा जण पुण्यातल्या एका बऱ्यापैकी महाग हॉटेलात जेवायला गेलो होतो. जेवण उत्तम झालं. वाढणारा मुलगा इतका समजूतदार होता, की मावशीला तिखट चालत नाही हे लक्षात ठेवून त्याने दुसऱ्या वेळी न विचारता तिच्यापुढे वेगळी वाटी आणून ठेवली. मग बडीशेप आली आणि तिच्याबरोबर काळ्या फोल्डरमध्ये बिल आलं. पदार्थांचे १२,६०० रुपये. त्याखाली ‘एस.सी. १०%’ म्हणून १,२६० रुपये. त्यानंतर सीजीएसटी आणि एसजीएसटी, प्रत्येकी अडीच टक्के. एकूण १४,५५३.

बिल माझ्या मावसभावाच्या हातात होतं. ‘एस.सी. म्हणजे काय?’ असं मी हळूच विचारलं, तर तो म्हणाला, ‘टॅक्स असेल काहीतरी.’ मी म्हटलं, टॅक्स नाही, हा सर्व्हिस चार्ज आहे, तो द्यायची सक्ती नाही. त्यावर टेबलाभोवती जी शांतता पसरली ती मराठी घरातल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. मावशीच म्हणाली, ‘जाऊ दे रे, चांगल्या दिवशी कशाला वाद?’

मी उठून काउंटरवर गेलो. मॅनेजरशी चार मिनिटं बोललो, बिल बदलून मिळालं आणि मी परत आलो. नवीन बिल १३,२३० रुपयांचं होतं. फरक १,३२३ रुपयांचा. १,२६० चा चार्ज गेलाच, शिवाय त्या चार्जवर लागलेला ६३ रुपयांचा जीएसटीही गेला. वाढणाऱ्या मुलाच्या हातात आम्ही पाचशेची नोट दिली. ती त्याने दोन्ही हातांनी घेतली.

त्या चार मिनिटांत मी काय बोललो, कशाच्या आधारावर बोललो आणि मॅनेजर तयार झाला नसता तर काय करता आलं असतं, हे सविस्तर सांगण्यासाठी हा लेख. ही वसुली कायद्याच्या जोरावर चालत नाही. आपण चारचौघांत पैशावरून बोलायला संकोचतो, पाहुण्यांसमोर तर हमखास संकोचतो, त्या भिडेवर ती चालते.

आधी ‘टॅक्स असेल’ हा गैरसमज दूर करू, कारण तो फार खोल रुजलेला आहे आणि त्याला कारणही आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी येण्यापूर्वी वातानुकूलित रेस्टॉरंटच्या बिलात ‘सर्व्हिस टॅक्स’ असायचा. तो खराखुरा केंद्र सरकारचा कर होता. त्याच्याच वर किंवा खाली ‘सर्व्हिस चार्ज’ असायचा, जो मालक स्वतः आकारायचा. दोन नावांत एका शब्दाचा फरक, त्यामुळे दोन्ही सरकारी आहेत असं लोकांना वाटू लागलं. सर्व्हिस टॅक्स गेला, सर्व्हिस चार्ज मात्र राहिला. त्यातला एकही रुपया सर्व्हिस चार्ज म्हणून सरकारकडे जात नाही. तो कुठे ५ टक्के असतो, कुठे १०, कुठे १५. कायद्याने ठरवलेला दर असता तर तो असा हॉटेलागणिक बदलला नसता.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी हॉटेल आणि रेस्टॉरंटसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातले पाच मुद्दे प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडायचा नाही. दुसऱ्या कुठल्याही नावाने तो घ्यायचा नाही. तो देण्याची सक्ती करायची नाही आणि तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. तो देणार नसाल तर आत येऊ नका किंवा सेवा मिळणार नाही, असं म्हणायचं नाही. आणि जेवणाच्या रकमेत तो मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही.

या सूचना निघाल्या आणि पंधरवड्यात अडल्या. रेस्टॉरंट मालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २० जुलै २०२२ ला स्थगिती मिळाली. त्या स्थगितीच्या काळात अनेक हॉटेलांनी ‘कोर्टाने परवानगी दिली आहे’ असं सांगायला सुरुवात केली. ते तेव्हाही अर्धसत्य होतं, कारण चार्ज मेनूवर ठळक दाखवावा आणि पार्सलवर घेऊ नये, अशा अटी न्यायालयाने घातल्या होत्या. आज तर ते अर्धसत्यही उरलेलं नाही. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या, मार्गदर्शक सूचना वैध ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चापोटी भरायला सांगितले. सर्व्हिस चार्जची सक्तीची वसुली कायद्याविरुद्ध आहे, ग्राहकाला स्वखुशीने टीप द्यायची असेल तर आडकाठी नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. या निकालाविरुद्ध त्याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे दाद मागण्यात आली. पण वर दाद मागितली म्हणून खालचा निकाल आपोआप थांबत नाही.

‘दिल्लीचा निकाल, इथे नागपूरला त्याचं काय?’ असा प्रश्न एका हॉटेलवाल्याने मला विचारला होता. उत्तर सोपं आहे. सूचना काढणारं प्राधिकरण केंद्रीय आहे, ज्या कायद्याखाली त्या काढल्या तो सगळ्या देशाचा आहे. त्या नागपूरला लागू आहेत, मुंबईला आहेत आणि गोव्यात समुद्रकाठच्या शॅकलाही आहेत.

मालकांचा सर्वांत तगडा युक्तिवाद वेगळा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण मॅनेजर तोच तुमच्यापुढे ठेवणार आहे. ते म्हणतात, ‘साहेब, मेनूकार्डवर शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे. तुम्ही वाचून ऑर्डर दिलीत, म्हणजे तुम्ही मान्य केलंत.’ ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण मान्य करणं म्हणजे काय? आपण मेनूवरची किंमत पाहून थाळी मागवतो. त्या किमतीत पदार्थ शिजवणं, टेबलापर्यंत आणणं, पाणी देणं, टेबल पुसणं हे सगळं आलंच. पदार्थ आणि सेवा अशी फाळणी करून सेवेचे पैसे पुन्हा मागणं हे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने एप्रिल २०१७ मध्येच हे म्हटलं होतं, की मेनूतल्या किमती आणि लागू असलेले कर देण्याची तयारी एवढाच ग्राहकाचा करार असतो. शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या ओळीने तो करार बदलत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही हा युक्तिवाद स्वीकारला नाही.

मालकाला जास्त पैसे हवे असतील तर त्याचा रस्ता मोकळा आहे. त्याने मेनूतली किंमत वाढवावी. ३०० रुपयांची भाजी ३३० ची करावी. त्यावर ग्राहक आक्षेप घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. मला स्वतःला ३३० ची भाजी चालते. ३०० लिहून ३३० घेणं चालत नाही. कारण शेजारचा प्रामाणिक हॉटेलवाला ३३० लिहितो आणि मेनू पाहून गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ फिरवतं. उघड किमतीत व्यवहार करणाऱ्याचं यात नुकसान होतं, ही बाजू फार कमी बोलली जाते.

तर करायचं काय? सुरुवात बिलापासून नको, ऑर्डरपासून करा. टेबलावर बसलात की मेनू हातात घेतानाच विचारा, ‘सर्व्हिस चार्ज लावता का? आम्हाला बिलात नको आहे.’ या क्षणी विचारण्याचा मोठा फायदा असा, की अजून कुणीच कुणाचं देणं लागत नाही. पाहुणे आले नसले तर उत्तमच. मोठ्या कार्यक्रमासाठी टेबल राखून ठेवत असाल तर फोनवरच विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्या. साखरपुडा, बारसं, केळवण यांसाठी हॉल किंवा बँक्वेट घेताना तर हे विसरूच नका. तिथे माणशी दर ठरतो, त्यावर चार्ज चढतो, त्यावर जीएसटी चढतो आणि शंभर पानांच्या हिशेबात तो आकडा डोळ्यांत भरेल इतका मोठा होतो.

बिल आलं की कार्ड किंवा फोन पुढे करण्याआधी ते वाचा. पूर्ण शब्दांत ‘सर्व्हिस चार्ज’ लिहिलेलं असेलच असं नाही. ‘एस.सी.’, ‘एस.सी.आर.’, ‘व्ही.एस.सी.’, ‘स्टाफ कॉन्ट्रिब्यूशन’, ‘स्टाफ वेल्फेअर’ अशी नावं दिसतात. कर ओळखायचे असतील तर नावं मोजकी आहेत: सीजीएसटी आणि एसजीएसटी, आणि मद्य घेतलं असेल तर त्यावर राज्याचा व्हॅट. बहुतेक रेस्टॉरंटमध्ये जीएसटी एकूण ५ टक्के असतो. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांहून अधिक असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. जीएसटी घेतलेला असेल तर बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवाच. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. छोटी हॉटेलं जी ‘कंपोझिशन’ योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. या करांच्या ओळींशिवाय टक्केवारीत जे काही दिसेल, त्याबद्दल विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

एक खुलासा इथेच करतो, कारण दोन तक्रारी नेहमी एकत्र केल्या जातात. बसून जेवताना पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर तो वेगळा विषय आहे. हॉटेल आणि रेस्टॉरंटना तसं करता येतं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. सर्व्हिस चार्जच्या तक्रारीत तो मुद्दा घालू नका, त्याने तुमची मूळ तक्रार कमकुवत होते.

बोलायचं कुणाशी? वेटरशी नाही. त्याच्या हातात काही नसतं आणि त्याला मध्ये घालणं त्याच्यावर अन्याय आहे. टेबलावरून उठा, काउंटरवर जा, मॅनेजर कोण ते विचारा. मी जे बोललो ते इतकंच होतं: ‘जेवण छान होतं. बिलात सर्व्हिस चार्ज लागलाय, तो मला द्यायचा नाही. कृपया तो काढून नवीन बिल छापून द्या. तुमच्या मुलाला मी स्वतः टीप देणार आहे.’ आवाज चढवायची गरज नाही. शेवटचं वाक्य मात्र जरूर म्हणा आणि म्हटल्याप्रमाणे करा. त्याने समोरच्याला कळतं, की हा माणूस पैसे वाचवायला आलेला नाही.

पहिल्या झटक्यात ‘सिस्टीममध्येच आहे, निघत नाही’ हे उत्तर येतं. मलाही तेच आलं. निघतं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ मॅनेजरच्या पासवर्डने काढता येते, माझ्यासमोर काढली गेली. नवीन बिलाचाच आग्रह धरा. पेनाने आकडा खोडून दिला, तर चार्जवर लागलेला जीएसटी तसाच राहतो. ‘त्याऐवजी तेवढा डिस्काउंट देतो’ असं म्हणाले तर घ्यायला हरकत नाही, पण करासकट सगळा फरक वजा झाला का ते मोजून पाहा.

समजा, मॅनेजर ऐकतच नाही. दारात उभं राहून हुज्जत घालू नका, विशेषतः लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तेव्हा. पूर्ण पैसे भरा. शक्यतो कार्डने किंवा यूपीआयने भरा, म्हणजे पुरावा राहतो. बिलाच्या आपल्या प्रतीवर आणि जमलं तर त्यांच्याही प्रतीवर लिहा, ‘सर्व्हिस चार्ज आक्षेप नोंदवून भरला’, खाली तारीख आणि सही. बिलाचा, मेनूतल्या त्या ओळीचा आणि पाटी असेल तर पाटीचा फोटो घ्या. पैसे भरले म्हणून तुमचा हक्क संपत नाही.

मग १९१५ ला फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ॲपवरूनही तक्रार नोंदवता येते. तक्रारीला क्रमांक मिळतो तो जपून ठेवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती हॉटेलकडे तुमची तक्रार पोचवून उत्तर मागवते. पुष्कळदा तेवढ्यावर पैसे परत येतात. दुसरा मार्ग जिल्हाधिकाऱ्यांचा आहे आणि तो फार लोकांना ठाऊक नाही. ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना अशा तक्रारींची चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल देण्याचा अधिकार दिलेला आहे. एकच हॉटेल सगळ्यांकडून हा चार्ज घेत असेल, तर तुमच्या एकट्याचे पैसे परत मिळण्यापेक्षा हा अर्ज अधिक उपयोगाचा ठरतो, कारण प्राधिकरण ती प्रथाच बंद करायला लावू शकतं.

तिसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करायची. आणि २०१९ च्या कायद्यातली सर्वांत मोठी सोय म्हणजे, तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते. सांगलीचा माणूस गोव्यात जेवला तर त्याला पणजीला खेटे घालावे लागत नाहीत. तरीही माझा प्रामाणिक सल्ला असा, की दोनशे-तीनशे रुपयांसाठी आयोगात जाऊ नका. तारखांना जो वेळ जाईल त्याने तुमचाच उत्साह मावळेल. रक्कम मोठी असेल, किंवा चार्ज नाकारला म्हणून तुम्हाला अडवून ठेवलं, अपमान केला, तर मात्र जरूर जा. कागदपत्रं कशी करायची हे समजत नसेल तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांची मदत घ्या.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. हे नियम भारताचे आहेत, ते लंडनला किंवा न्यू जर्सीला चालणार नाहीत. अमेरिकेत वेटरचं उत्पन्न बऱ्याच अंशी टीपवर अवलंबून असतं. संघराज्याच्या कायद्याने टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर रोख वेतन दिलं तरी चालतं. तिथे टीप न देता उठणं म्हणजे त्याच्या पगारातून कापून घेण्यासारखं आहे. बिलात ती आधीच धरलेली आहे का, एवढं पाहा, नाहीतर दोनदा द्याल. ब्रिटनमध्ये सर्व्हिस चार्ज बिलात दिसतो, पण १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदाच आहे, की टीप आणि सर्व्हिस चार्जची सगळी रक्कम कामगारांनाच मिळाली पाहिजे, मालकाला त्यातून काही ठेवता येत नाही.

माझ्या मते खरी मेख याच ठिकाणी आहे. आपल्याकडचे मालक म्हणतात, हा पैसा आम्ही वाढप्यांत, भांडी घासणाऱ्यांत, स्वयंपाकघरातल्या माणसांत वाटतो. काही जण खरोखर वाटतही असतील. पण गिऱ्हाइकाला ते तपासता येत नाही, आणि वाटलाच पाहिजे असं बंधन घालणारा ब्रिटनसारखा कायदा आपल्याकडे नाही. त्या दिवशी पुण्यात बेसिनवर हात धुताना मी त्या मुलाला विचारलं, सर्व्हिस चार्जमधून तुला काय मिळतं? तो इकडेतिकडे बघून म्हणाला, ‘ते वरचं आहे सर, आम्हाला पगार ठरलेला.’ एका मुलाच्या एका वाक्यावरून सगळ्या धंद्याबद्दल बोलणं योग्य नाही. पण दहा टक्के देताना आपण त्याला देतोय असं समजत होतो, आणि त्याला तसं वाटत नव्हतं, हे मला विसरता आलेलं नाही.

म्हणून सर्व्हिस चार्ज नाकारा, पण टीप नाकारू नका. दोन्ही नाकारणाऱ्याच्या तोंडी हक्काची भाषा शोभत नाही. बारा तास उभं राहून हसतमुखाने वाढणाऱ्या माणसाला आपण ठरवून, आपल्या हाताने द्यावं. हल्ली सगळे पैसे फोनवरून जातात, खिशात नोट नसते आणि टीप राहून जाते. बाहेर जेवायला जाताना शंभराच्या दोन-तीन नोटा मुद्दाम ठेवा. पुष्कळ ठिकाणी काउंटरजवळ टिपांचा डबा असतो आणि रात्री तो सगळ्यांत वाटला जातो, आतल्या आचाऱ्यालाही त्यातून मिळतं. तसा डबा आहे का ते वेटरलाच विचारा आणि तो सांगेल तिथे पैसे द्या.

परत येताना गाडीत मावशीने विचारलं, ‘किती रुपये सुटले?’ मी आकडा सांगितला. ती म्हणाली, ‘मला आधी सांगितलं असतंस तर मीच विचारलं असतं.’ तेव्हा पुढच्या वेळी घरातून निघण्यापूर्वीच बरोबरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे टेबलावर कुणी ‘जाऊ दे’ म्हणणार नाही. आणि १९१५ हा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा.